बीपी मशीनचा पट्टा दंडाला फार आवळतो

अमळनेरकर: आईचं बीपी घरीच दंडाच्या मशीनने मोजतो. पोलक्याची बाही वर सारून पट्टा बांधतो. हवा भरली की ती कळवळते. मशीन मध्येच थांबून पुन्हा हवा भरतं तेव्हा तर जास्तच. पहिल्यांदा मोजलं तेव्हा वरचा आकडा १६२, दुसऱ्यांदा १४४. मशीन बिघडलंय का?

तापीकाठ: मशीनवर जाण्याआधी दंड मोजा भाऊ. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. सोबतचा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सेंमीचा असतो, पट्ट्यावरच छापलेलं असतं. दंड त्याहून जाड असला तर आतली रबरी पिशवी पुरेसा वेढा घेत नाही. मग शीर दाबायला जास्त हवा लागते, दुखतं आणि आकडाही खोटा चढतो. आणि ती बाही! वर सारलेल्या घट्ट बाहीचा फास बसतो. हात बाहीतून काढूनच घ्या.

केळीबाग: पुन्हा हवा भरण्याचं कारण साधं आहे. पहिल्या दाबाला ठोके बंद झाले नाहीत, किंवा हात हलला, मूठ आवळली, बोलणं झालं, तर मशीन दाब आणखी वर नेतं. म्हणजे दुखलं म्हणून आई हलणार, हलली म्हणून मशीन आणखी आवळणार. पट्टा सैल असला तरी तेच होतं. खालची कड कोपराच्या घडीपासून २-३ सेंमी वर ठेवा, आत दोन बोटं जेमतेम जावीत, नळी तळहाताच्या बाजूला. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पाच मिनिटं गप्प बसवा. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या तर मुळीच नको. घामाने पट्टा चिकटून चिमटाही बसतो. पहिला आकडा बहुतेकदा चढाच येतो, म्हणून मिनिटभराने दुसरा घ्या आणि दोन्ही लिहा. सगळं नीट करूनही मशीन रोज एकाच मोजणीत दोनदा हवा भरत असेल तर ठोके अनियमित आहेत का, डॉक्टरांना विचारा.

तापीकाठ: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पट्ट्याखाली बारीक लाल ठिपके उठू शकतात, तेही डॉक्टरांना दाखवा. डायलिसिसची फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर पट्टा बांधूच नका.

अमळनेरकर: दंड ३५ भरला. पट्ट्यावर २२–३२ आहे.

केळीबाग: मग झालं. २२–४२ चा घ्या, पण तुमच्याच मॉडेलला चालणारा. नळी बसली म्हणजे पट्टा चालला असं नाही. आणि जुन्या पट्ट्याच्या आकड्यांवरून गोळी वाढवू नका.