२२३ वर हरीण आणि रानडुक्कर: दोष कॅलिबरचा की गोळीचा?

रानवाट (लानो, टेक्सास)

परवा या मंचावर एका सदस्यांनी लिहिले की २२३ रेमिंग्टन (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे लहान रायफल काडतूस) हे प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातले बिळात राहणारे छोटे प्राणी, मारण्याचे काडतूस आहे आणि ते घेऊन हरणावर किंवा डुकरावर बार टाकणाऱ्याला जनावराच्या यातनांची पर्वा नसते. हे वाक्य मला दोन दिवस डाचत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नऊ हंगाम याच काडतुसाने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचे अमेरिकन हरीण), चितळ आणि डुकरे मारत आलो आहे. पहिल्या हंगामात माझ्या हातून एक मादी जखमी होऊन निसटली, हे मी लपवत नाही. त्या दिवशी मी ५५ ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक), शिशावर पातळ जाकीट म्हणजे धातूचे आवरण असलेली, प्लास्टिकच्या टोकाची गोळी भरली होती. ती लहान उपद्रवी प्राण्यांसाठी आहे असे खोक्यावरच छापलेले होते आणि मी ते वाचले नव्हते. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली, बाहेरून तळहाताएवढी जखम झाली आणि फुप्फुसापर्यंत काहीच पोहोचले नाही. ती मादी दोन दिवसांनी मला सापडली, तीही वर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांमुळे.

तेव्हापासून मी ६२ ग्रेनची बाँडेड गोळी वापरतो. तिच्यात शिसे जाकिटाला पक्के जोडलेले असते, त्यामुळे ती उमलते पण विखुरत नाही, आणि हरणाच्या बरगड्यांतून बहुतेक वेळा आरपार जाते. रायफल तीच, कॅलिबर (गोळीचा व्यास) तेच, चापावरचे बोटही तेच आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कॅलिबरला दोष देण्याआधी गोळीची घडण पाहावी.

भटका वऱ्हाडी (डेंटन, टेक्सास)

ते वाक्य माझे होते आणि मी ते मागे घेत नाही.

कोलोरॅडोत हरणासाठी किमान २४ कॅलिबर (म्हणजे ०.२४ इंच), ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. व्हर्जिनियात किमान २३ कॅलिबर लागते. इंग्लंडमध्ये २२ कॅलिबरला मुभा आहे ती मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण या दोन छोट्या जातींपुरतीच. टेक्सासात हरणासाठी कोणतेही सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस) चालते, म्हणून ते योग्यही ठरते असे नाही. तुमची ५५ ग्रेनची गोळी नळीतून सुमारे १,२८० फूट-पाउंड घेऊन निघते आणि १०० यार्डांवर हजाराच्या खाली येते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे माग. डुकराच्या कातडीखाली चरबी असते, ती बारीक भोक बुजवून टाकते, आणि उरलेले रक्त राठ केस शोषून घेतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या सोबत्याने एका मोठ्या सुळेवाल्या नरावर २२३ चे दोन बार टाकले. तो नर मेस्किटच्या झुडपांत शिरला आणि आम्ही रात्री अकरापर्यंत विजेरी घेऊन शोधत होतो, तरी जमिनीवर रक्ताचा एक थेंब दिसला नाही. माझे आजोबा चंद्रपूरकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी पारध करत. त्यांच्या डोळ्यांदेखत एका जखमी डुकराने हाकाऱ्याची मांडी फाडली होती. हा माणूस पुढे आयुष्यभर लंगडला. जखमी डुकराच्या मागे अंधारात जाण्याची वेळ येणार नाही एवढे मोठे हत्यार घ्यावे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. म्हणून मी ३०८ हे मोठे काडतूस वापरतो.

ओकची सावली (सॅन अँटोनियो)

वऱ्हाडीदादा, ३०८ चा धक्का तुमच्या खांद्याला सोसतो, माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला सोसत नाही. गेल्या वर्षी तिला एका परिचितांनी ३०८ दिली. तिसऱ्या बारापासून ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागली, आणि त्या सवयीतून तिला बाहेर काढायला मला चार महिने लागले. २२३ चा धक्का ३०८ च्या साधारण चौथा हिस्सा असतो. २२३ च्या रायफलने आज ती १०० यार्डांवर कागदाच्या बशीत पाचही गोळ्या बसवते. डोळे मिटून मारलेली मोठी गोळी पोटात लागते आणि शांतपणे मारलेली लहान गोळी फुप्फुसात लागते, या साध्या गोष्टीकडे पुरुष मंडळी इतकी वर्षे दुर्लक्ष का करतात हे मला कळत नाही.

रानवाट

ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. नेमाबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण हरणावरून डुकराकडे वळणारे लोक येथेच चुकतात. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात. हरणाच्या सवयीने खांद्यामागे मारलेली गोळी डुकराच्या पोटात जाते, आणि मग दोष २२३ ला दिला जातो. प्रौढ नराच्या खांद्यावर कूर्चेसारखी जाड ढाल असते, म्हणून मी तेथे मारतच नाही. मी कानामागे मारतो, तेही ६० यार्डांच्या आत आणि डुक्कर स्थिर असेल तरच.

दुसरी गोष्ट नळीच्या पिळाची, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या नागमोडी खाचांची, आहे. माझ्या जुन्या बोल्ट रायफलीचा पिळ १२ इंचांना एक फेरा असा होता. उत्साहाच्या भरात मी तिच्यात ७० ग्रेनची तांब्याची गोळी भरली, तर कागदावर गोल भोकांऐवजी आडवी भोके उमटली. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी ८ किंवा ७ इंचांचा पिळ लागतो. नळीवरचा आकडा न वाचता काडतुसे घेऊ नयेत.

सूक्ष्मदर्शी (मिनीॲपोलिस)

येथे सर्वजण जनावर कसे पडते यावर बोलत आहेत. ते ताटात आल्यावर काय होते यावर कोणीच बोललेले नाही. मी प्रयोगशाळेत काम करतो आणि माझी दोन्ही मुले लहान आहेत.

२००८ साली नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे स्कॅन केली, तेव्हा निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. शिशाची गोळी जितकी वेगवान आणि जितकी ठिसूळ, तितके कण अधिक, आणि ते जखमेपासून वीतभर दूरही सापडतात. रानवाट ज्या ५५ ग्रेनच्या गोळीची कथा सांगतात, ती या बाबतीत सर्वांत वाईट आहे. ३०८ ची शिशाची गोळीही निर्दोष नाही. कॅलिबरवर आठवडाभर भांडण्यापेक्षा सर्वांनी तांब्याकडे वळावे.

भटका वऱ्हाडी

हा कॅलिफोर्नियाचा सूर आता येथेही आला. तेथे २०१९ पासून शिकारीत शिशावर पूर्ण बंदी आहे, आणि ती कॉन्डोर गिधाडांच्या नावाने आणली गेली. आमच्या घरी चार पिढ्या शिशाने मारलेले मांस खाल्ले गेले. आजोबा ८८ वर्षे जगले आणि अखेरपर्यंत चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचत होते. तांब्याच्या वीस काडतुसांचे पैसे तुम्ही भरणार असाल तर उपदेश करा.

सूक्ष्मदर्शी

आपल्या आजोबांविषयी मला आदर आहे, परंतु एका माणसाचे आयुष्य म्हणजे पुरावा नव्हे. नॉर्थ डकोटातच नंतर सातशेहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले, आणि रानातले मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे थोडे अधिक आढळले. फरक लहान होता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण लहान मुलांसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. तुम्ही माझ्या हेतूवर बोललात, आकड्यांवर बोलला नाहीत, याचे मला वाईट वाटले.

रानवाट

तांब्याची एक अडचणही सांगायला हवी. ते उमलण्यासाठी वेग लागतो. वेग कमी पडला तर गोळी सुई टोचावी तशी निघून जाते. २२३ च्या आखूड नळीतून १५० यार्डांपलीकडे मला तांब्याचा भरवसा वाटत नाही. त्याच्या आत मात्र ५५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीने मी दोन चितळ माद्या मारल्या, आणि दोन्ही वेळा गोळी आरपार गेली. तेथे माझ्या ९ इंचांच्या पिळाच्या नळीनेही साथ दिली.

कुंपणकाठ (ब्रेनहॅम, टेक्सास)

आमच्या ज्वारीत दर उन्हाळ्यात डुकरे शिरतात. तुम्ही एक मारता आणि उरलेला कळप पांगून शेजाऱ्याच्या शेतात जातो. मोठा गोल पिंजरा लावून पंधरा दिवस मका टाकला, तर संपूर्ण कळप एका रात्रीत आत येतो. उरलेल्या एकट्या नरासाठी मीही रायफल काढतो, आणि ती २२३ नसते.

भटका वऱ्हाडी

सूक्ष्मदर्शी, हेतूबद्दल लिहायला नको होते. ते वाक्य मागे घेतो.

रानवाट, तुमचे म्हणणे मला जेवढे पटते तेवढे लिहितो, त्यापुढे ओढू नका. बाँडेड किंवा तांब्याची गोळी, १०० यार्डांच्या आतले हरीण किंवा मध्यम डुक्कर आणि बार न टाकता परत येण्याची तयारी असलेला माणूस, एवढे जुळले तर २२३ चालते. ढालवाला नर आणि दक्षिण टेक्सासातली रोही (नीलगाय) यांच्यावर ती चालत नाही, आणि तुमच्यासारखा संयम नवख्यांत नसतो म्हणून मी तिची शिफारस कोणाला करणार नाही. ओकची सावली यांच्या मुलीने मात्र तीच रायफल वापरावी.

आता एक विचारायचे आहे. माझ्या फ्रीजरमध्ये मागच्या हंगामातला सुमारे वीस पाउंड खिमा आहे, ३०८ च्या शिशाच्या गोळीचा. धाकटी नात चार वर्षांची आहे आणि तिला त्याचे कबाब फार आवडतात. त्याचे काय करावे?

सूक्ष्मदर्शी

तिला देऊ नका. नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने तेव्हा सहा वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना शिशाच्या गोळीने मारलेले हरणाचे मांस न देण्याचा सल्ला दिला होता. खिम्यात जखमेजवळचे मांस मिसळले गेलेले असते, ते आता वेगळे करता येत नाही. मागच्या मांडीचे अखंड तुकडे शिल्लक असतील तर ते मोठ्यांनी खावेत, आणि तिच्या कबाबासाठी पुढचे जनावर तांब्याने मारावे. ३०८ नेच मारा, मला त्याबद्दल काहीही म्हणायचे नाही.