मदत हवी आहे : ह्यू मासेकेला यांच्या अल्बममधील ताल कसा मोजावा?

दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांचा १९७४ सालचा 'आय अ‍ॅम नॉट अफ्रेड' हा अल्बम मी गेले काही आठवडे रोज ऐकत आहे. वर्णभेदी राजवटीमुळे मायदेशापासून दूर राहिलेल्या मासेकेला यांची घानाच्या हेडझोले साउंड्स या वाद्यवृंदाशी ओळख नायजेरियाचे संगीतकार फेला कुटी यांनी करून दिली. १९७३ साली लागोसमध्ये त्यांचे पहिले एकत्रित ध्वनिमुद्रण झाले, आणि पुढच्या या अल्बममध्ये अमेरिकेचे पियानोवादक जो सॅम्पलही सामील झाले.

माझी अडचण तालाची आहे. खाणकामगारांना जोहान्सबर्गकडे नेणाऱ्या आगगाडीवरचे 'स्टिमेला' हे गाणे (ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो) मला उमगते, परंतु इतरत्र फंक या ठेकेदार अमेरिकी संगीतशैलीचा बेस (खर्जातील गिटार) आणि पश्चिम आफ्रिकी ढोल एकाच वेळी वाजू लागले, की तबल्याच्या सवयीने सम शोधणारा माझा कान गोंधळतो. अशा वेळी मोजणी बेसवर ठेवावी की ढोलांसोबत ठरावीक ठेक्यात वाजत राहणाऱ्या घंटेच्या आवर्तनावर, हे जाणकारांनी कृपया उदाहरणासह समजावून सांगावे. तसेच फेला यांच्या, जॅझ-फंक आणि पश्चिम आफ्रिकी ताल यांच्या मिश्रणातून घडलेल्या अ‍ॅफ्रोबीटमधील टोनी अ‍ॅलन यांच्या ड्रमवादनापासून अभ्यासाला सुरुवात करणे योग्य ठरेल का, हेही कळवावे.