शब्दचर्चा : नेचा, नेचे आणि ‘आदिम’ हे विशेषण

प्रश्न : आमच्या शाळेच्या निसर्गमंडळाची मुले श्रावणात महाबळेश्वरला जाणार आहेत. त्यांच्यासाठी जो माहितीफलक तयार करीत आहोत, त्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘नेचे ही आदिम वनस्पती असून तिचा प्रसार उष्णकटिबंधात आहे.’ एकवचनी ‘नेचा’ लिहावे की ‘नेचे’, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. काहींना सरळ ‘फर्न’ लिहावे असे वाटते. आपले मत कळवावे.

उत्तर : व्याकरणाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. एक तो नेचा, अनेक ते नेचे, घोडा–घोडे यांच्याप्रमाणे. घोटाळा होतो तो सामान्यरूपामुळे. ‘नेच्याचे पान’ असे म्हटले की मूळ शब्द ‘तो नेचा’ आहे की ‘केळे’सारखा ‘ते नेचे’ आहे, हे कानाला कळत नाही, कारण दोहोंचे सामान्यरूप एकच होते. त्यातून ‘ते नेचे’ असे नपुंसकलिंगी एकवचनही लिहिले जाते आणि त्याला चूक ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. एका फलकावर मात्र एकच रूप राखावे. तुमच्या वाक्यातील ‘नेचे ही वनस्पती’ या रचनेत जातीवाचक अर्थ आहे, म्हणून तीही चालेल. हुक्क्याच्या नळीला जो नेचा किंवा नैचा म्हणतात, तो फारसीतील ‘नै’ म्हणजे वेळू किंवा बोरू या शब्दावरून आला आहे. निव्वळ उच्चारसाम्यावरून त्याचा वनस्पतीशी संबंध जोडू नये.

‘फर्न’ हा शब्द रोपवाटिकेत सर्वांच्या तोंडी आहे आणि तो मराठीत रुळला आहे, हे मान्यच करायला हवे. पण साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरात ‘नेचा’ही नाही आणि ‘फर्न’ही नाही, तिथे रूप पाहून नाव पडलेले असते. मेढ्याहून बामणोलीकडे जाताना एका जुन्या आंब्याच्या बुंध्याला चिकटलेल्या नेच्याकडे बोट दाखवून मी तिथल्या एका वृद्ध गृहस्थांना नाव विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाशिंग की! झाडाला बांधल्यागत दिसतंय न्हवं?’’ जवळ जाऊन पाहिले तर तसेच होते. बुंध्याला घट्ट टेकलेली तपकिरी, वाळकी, कागदासारखी कुरकुरीत पाने एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्यामागे पालापाचोळा, माती व पक्ष्यांची विष्ठा साचून चांगला ओंजळभर खत झाले होते. त्या खतातून हिरवी, लांब, तुऱ्यासारखी दुसरी पाने वर आली होती. ही दोन प्रकारची पाने हेच या नेच्याचे वैशिष्ट्य आहे. तपकिरी पाने खत साठवतात, हिरवी पाने बीजुके (ज्यांपासून नवा नेचा उगवतो ते सूक्ष्म कण) तयार करतात आणि कोरड्या दिवसांत हिरवी पाने गळून पडली तरी बाशिंग तसेच राहते. इतके नेमके नाव हाताशी असताना फलकावर त्याला जागा नसणे योग्य होणार नाही. जुन्या गडकोटांच्या भिंतींत उगवणारी, लहानशा पंख्यासारखी मयूरशिखा आणि ओल्या कड्यावरचा, काळ्याभोर चकचकीत देठाचा हंसराज हीही आपल्याकडची तयार नावे आहेत.

माझा खरा आक्षेप ‘आदिम’ या शब्दाला आहे. नेच्यांचा वंश प्राचीन आहे, यात शंका नाही. डेव्होनियन कल्पात, म्हणजे ३६ कोटी वर्षांहूनही आधी, त्यांचे पूर्वज जमिनीवर होते आणि त्यानंतरच्या कारबॉनिफेरस कल्पातील दलदलींतही नेचे होते. परंतु वंश जुना असणे आणि आज दिसणारी जात जुनी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जातींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास जाती ज्या गटात मोडतात, त्या गटाचा मोठा विस्तार क्रिटेशस कल्पात (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी), सपुष्प वनस्पती पसरू लागल्यानंतर झाला, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय व जीवाश्म अभ्यासातून दिसले. फुलझाडांची दाट अरण्ये उभी राहिली, त्यांच्या खाली अंधूक उजेडाची आणि फांद्यांवर ओलाव्याची नवी जागा निर्माण झाली आणि नेच्यांनी ती व्यापली. बाशिंगासारखे झाडावर राहणारे नेचे तर बहुतांशी त्याहूनही अलीकडच्या, सस्तन प्राण्यांच्या भरभराटीच्या काळात वाढले. उष्णकटिबंधातील नेच्यांना आदिम म्हणताना, ज्या झाडाच्या आश्रयाने ते राहतात त्या झाडांचे घराणे आधी फोफावले आणि त्यांचे नंतर, हा क्रमच आपण उलटा करतो.

त्या अंधूक उजेडाशी जुळवून घेण्याची एक विलक्षण हकीकत आहे. बऱ्याच नेच्यांत निओक्रोम नावाचे प्रथिन असते, जे तांबड्या आणि निळ्या अशा दोन्ही प्रकाशांना प्रतिसाद देते आणि त्यामुळे सावलीतही वनस्पतीला उजेडाकडे वळता येते. या प्रथिनाचे जनुक नेच्यांकडे वंशपरंपरेने आलेले नसून हॉर्नवर्ट या शेवाळवजा वनस्पतींकडून कोट्यवधी वर्षांपूर्वी आले असावे, असे २०१४ साली दाखवून देण्यात आले. परक्या कुळातून उसने घेतलेल्या गुणाचा असा उपयोग करणाऱ्या वनस्पतीला मागासलेपणा सुचवणारे विशेषण लावणे मला पटत नाही. राजनेचा (इंग्रजीत ‘रॉयल फर्न’) या नेच्याच्या कुळाला ‘प्राचीन’ म्हणायला हरकत नाही. स्वीडनमध्ये सापडलेल्या सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या खोडात पेशींची केंद्रकेसुद्धा टिकून आहेत आणि ती आजच्या राजनेच्याशी फार मिळतीजुळती आहेत. पण तिथेही शब्द ‘प्राचीन’ हाच हवा. ‘प्राचीन’ काळ सांगतो. ‘आदिम’ काळाबरोबर दर्जाही सांगतो.

आता ‘प्रसार’. हा शब्द क्रियेचा आहे. एखादी जात कुठून कुठे आणि कशी गेली, हे तो सांगतो. ती आज कुठवर आढळते, हे सांगायला ‘व्याप्ती’ किंवा ‘आढळ’ हे शब्द आहेत. बाशिंगाची व्याप्ती भारतापासून आग्नेय आशियामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. त्याचा प्रसार वाऱ्याने होतो. नेच्याचे बीजुक धुळीच्या कणाएवढे असते आणि वाऱ्यावर समुद्र ओलांडते. इंडोनेशियातील क्राकाटोआ बेट १८८३च्या ज्वालामुखी उद्रेकात होरपळून निघाले. तीन वर्षांनी मेल्शियर ट्रॉइब हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे पोहोचले, तेव्हा राखेवर उगवलेल्या वनस्पतींत नेच्यांचीच बहुसंख्या होती. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनासोर ज्यात नष्ट झाले त्या महाविनाशानंतरही असेच घडले. उत्तर अमेरिकेतील त्या काळच्या खडकांत, विनाशाच्या थराच्या लगेच वर, नेच्यांच्या बीजुकांची एकाएकी रेलचेल आढळते. ज्या बेसाल्टवर महाबळेश्वर उभे आहे, तो लाव्हारसही साधारण त्याच काळातला, ही गोष्ट मुलांना कड्यावर उभे करून अवश्य सांगावी.

पोहोचणे सोपे, टिकणे अवघड. बीजुक रुजले की आधी नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे एक हिरवे पटल तयार होते. त्याच्यावरील नरपेशींना मादीपेशीपर्यंत पोहून जावे लागते आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून नेच्यांची खरी श्रीमंती उष्णकटिबंधातील ढगाळ डोंगरांत आहे. बोर्निओतील एकट्या किनाबालू पर्वतावर नेच्यांच्या व त्यांच्या आप्तवनस्पतींच्या सहाशेहून अधिक जाती आहेत, तर कोरडेपणामुळे आफ्रिका खंड यात मागे पडतो. हाच नियम आपल्या एका सातारा जिल्ह्यात दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात प्रत्येक दरड नेच्यांनी झाकली जाते. पूर्वेकडच्या माण तालुक्यात पाऊस पाचशेच्या आसपास आणि तिथे नेचा शोधायचा तर विहिरीच्या आतल्या चिरेबंदीत डोकवावे लागते.

पुरवणी प्रश्न : वर ‘बीजुक’ म्हटले आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘बीजाणू’ आहे. मुलांना कोणता शब्द सांगावा?

उत्तर : परिभाषेत दोन्ही आहेत, विश्वकोशात ‘बीजुक’ आहे. मुले परीक्षेत ‘बीजाणू’ लिहिणार असतील तर फलकावरही तोच ठेवा, पण ते ‘लहान बी’ नव्हे, हे आवर्जून सांगा. बीमध्ये गर्भ आणि त्याची शिदोरी असते. बीजाणू म्हणजे नुसती एक पेशी. पानाच्या मागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे झुबके, हे भिंग देऊन दाखवा. महाबळेश्वरच्या दरडींवर चंदेरी नेचा असतो, त्याचे पान मागच्या बाजूने हातावर दाबले की पांढरा ठसा उमटतो. मुले त्या पांढऱ्या भुकटीलाच बीजाणू समजतात, तो मात्र पानाचा मेणचट लेप असतो.

फलकाचे वाक्य असे करावे : ‘नेचे ही प्राचीन वंशाची, बीजाणूंपासून वाढणारी बिनफुलांची वनस्पती असून तिच्या सर्वाधिक जाती उष्णकटिबंधातील दमट डोंगरांत आढळतात.’ आणि खाली ठळक अक्षरांत : बाशिंग, मयूरशिखा, हंसराज.