मदत हवी आहे : घरविम्याच्या दाव्यात लावलेल्या कपातींवर हरकत कशी घ्यावी?

नमस्कार. भिंतीतून जाणारा नळ रात्री फुटल्यामुळे आमच्या घराचे मोठे नुकसान झाले आहे. विमा कंपनीने दावा मान्य केला आहे, मात्र देऊ केलेली रक्कम दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाच्या निम्मीही भरत नाही. अशा दाव्यांचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे, म्हणून हकिकत सविस्तर लिहितो.

पाणी वरच्या मजल्यावरील लाकडी फरशीखाली शिरले, त्याच्या भाराने खालच्या खोलीचे फॉल्स सीलिंग कोसळले आणि स्वयंपाकघरातील प्लायवूडची कपाटे तळापासून फुगली. आम्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लगेच कंपनीला कळवले, काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो आणि व्हिडिओ घेतले आणि मगच पाणी उपसून घर वाळवायला सुरुवात केली, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमाधारकाची असते, असे पॉलिसीत स्पष्ट लिहिले आहे. फुटलेल्या नळाचा तुकडाही प्लंबरकडून कापून घेऊन जपून ठेवला आहे.

सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीचे मोजमाप करणाऱ्या तज्ज्ञाच्या, अहवालातील मुख्य कपात घसाऱ्याची, म्हणजे वय आणि वापर यांमुळे घटलेल्या किमतीची, आहे. इमारतीसाठी आमची पॉलिसी पुनःस्थापना मूल्यावर आहे, म्हणजे जुन्याच्या जागी तशाच प्रतीचे नवे बसवण्याचा खर्च मिळणे अपेक्षित आहे. तरीही सर्व कामांवर, अगदी मजुरीवर आणि मलबा हलवण्याच्या खर्चावरही, सरसकट ४० टक्के घसारा धरला आहे. त्यानंतर घराचा विमा कमी रकमेचा आहे असे ठरवून उरलेल्या रकमेत पुन्हा प्रमाणशीर कपात केली आहे. हे ठरवताना घराची आजची विक्री किंमत, जमिनीसकट, हिशेबात घेतलेली दिसते. शिवाय मागच्या भिंतीचे नुकसान ‘जुनी ओल’ या एका शेऱ्यावर पूर्णपणे नाकारले आहे.

रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून स्वीकारल्याच्या पावतीवर सही केल्याशिवाय काहीच मिळणार नाही, असे प्रतिनिधी तोंडी सांगतात. घर राहण्याजोगे करण्यासाठी पैशांची तातडी आहे, पण या सहीने पुढचे सगळे मार्ग बंद होतील अशी भीती वाटते. या कपाती नियमाला धरून आहेत का, हरकत कोणत्या क्रमाने घ्यावी आणि भिंतीबाबत पुरावा कसा उभा करावा, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी स्थापत्य अभियंता आहे आणि नुकसानीच्या मूल्यांकनाचे काम करतो. सर्वप्रथम कंपनीकडे सर्व्हे अहवालाची पूर्ण प्रत आणि प्रत्येक कपातीसमोर पॉलिसीतील कलमाचा उल्लेख असलेला तक्ता लेखी मागा. एकूण रक्कम कमी वाटते, एवढ्याच तक्रारीला कंपनी ठराविक उत्तर देऊन मोकळी होते. पण अमुक कामावरील तमुक कपात कोणत्या कलमाखाली केली, या प्रश्नाला तिला नेमके उत्तर द्यावे लागते.

तुमच्या प्रकरणात सर्वांत मोठी चूक मला कमी विम्याच्या हिशेबात दिसते. या कपातीचे तत्त्व योग्यच आहे : पुनर्बांधणीचा खर्च १०० असताना विमा ७० चाच घेतला असेल, तर २० च्या नुकसानीवर १४ मिळतात. मात्र यातला १०० हा आकडा पुनर्बांधणीच्या खर्चाचा असायला हवा. जमीन पाण्याने वाहून गेली नाही आणि तिचा विमाही कोणी उतरवत नाही. त्यामुळे जमिनीसकट विक्री किंमत भागाकारात घेतली की पुरेसा विमा असलेले घरसुद्धा कमी विम्याचे ठरते. एखाद्या अभियंत्याकडून बांधकामाचे क्षेत्रफळ आणि प्रचलित दर यांवर आधारलेला पुनर्बांधणी खर्चाचा दाखला घ्या आणि तो हरकतीला जोडा. काही पॉलिसींमध्ये ठराविक टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, तेही कलम शोधा.

घसाऱ्याबाबत एक गोष्ट समजून घ्या. पुनःस्थापना मूल्याच्या पॉलिसीतही अनेक कंपन्या आधी घसारा वजा करून रक्कम देतात आणि दुरुस्ती पूर्ण होऊन बिले सादर झाल्यावर उरलेली देतात. त्यामुळे ही कपात कायमची आहे की काम पूर्ण होईपर्यंत रोखलेली, हे लेखी विचारा, आणि दुरुस्तीसाठी पॉलिसीत मुदत दिलेली असल्यास ती पाळा किंवा वेळीच वाढवून घ्या. ज्या बाबींवर घसारा खरोखरच लागू होतो, तिथेही सरसकट टक्केवारी मान्य करू नका. रंग काही वर्षांत उतरतो. विटांच्या भिंतीचे आयुष्य कितीतरी मोठे असते. मलबा आज हलवला जातो, मग त्या कामाचे वय काय धरायचे?

भिंतीच्या बाबतीत तुम्ही नळाचा तुकडा जपून ठेवला, हे फार चांगले केले. दाबाने अचानक फुटलेल्या नळाची चीर बहुधा लांबट असते आणि तिच्या कडा ताज्या दिसतात. उलट दीर्घकाळ झिरपणाऱ्या जागी गंजाची किंवा क्षारांची पुटे साचलेली आढळतात. भिंतीवरील डागही पाहा. पुन्हा पुन्हा ओली होऊन वाळलेल्या भिंतीवर एकात एक तपकिरी कडी उमटतात, तर एकाच वेळी भिजलेल्या भिंतीवर बहुधा एकच सलग रेषा असते. ओलावामापकाने नळाजवळून दूरपर्यंत मोजमापे घेऊन ती भिंतीच्या आराखड्यावर लिहा. ओल फुटलेल्या जागेकडून पसरली आहे, हे त्यातून दाखवता येते. घटनेपूर्वी त्याच भिंतीसमोर काढलेला घरातला एखादा साधा फोटोसुद्धा इथे मोलाचा पुरावा ठरतो. बहुतेक पॉलिसी हळूहळू होणारी झीज वगळतात, पण अचानक घडलेल्या घटनेचे नुकसान केवळ भिंत जुनी आहे म्हणून वगळले जात नाही.

प्रतिसाद

पावतीबद्दल लिहितो. ‘पूर्ण व अंतिम’ अशी सही केल्यानंतर ती दबावाखाली केली होती हे सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून सहीची घाई करू नका. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती अंतिम निकालापूर्वीची अंतरिम रक्कम म्हणून द्यावी आणि उरलेल्या भागावरील माझा हक्क अबाधित राहावा, असे लेखी पत्र द्या. तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने कळवत जा. कंपनीच्या अंतर्गत तक्रार विभागाचे अंतिम उत्तर हाती ठेवा, कारण अनेक देशांत विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाण्याआधी ती पायरी पूर्ण झालेली असावी लागते. पॉलिसीत लवादाचे कलम असेल तर त्याचीही मुदत तपासा. आणखी एक : डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीचा विमाधारकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग, एका घटनेला एकदाच वजा व्हायला हवा, फरशी, छत आणि कपाटे यांतून तो वेगवेगळा कापला गेलेला नाही ना, हे तक्त्यात पाहून घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तक्ता मागणारे पत्र पाठवले आहे आणि पुनर्बांधणी खर्चाच्या दाखल्यासाठी अभियंत्याशी बोलणे झाले आहे. एक प्रश्न राहिला. फुगलेली कपाटे खालची आहेत, वरची शाबूत आहेत; पण त्या लॅमिनेटचा रंग आता मिळत नाही. अशा वेळी वरची कपाटेही दाव्यात धरता येतात का?

प्रतिसाद

हे पूर्णपणे पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून आहे. संचातील न बिघडलेल्या भागांचा खर्च मिळणार नाही, असे काही पॉलिसींमध्ये स्पष्ट असते. काहींत त्याचा अर्धा वाटा मिळतो. काहींत याबाबत शब्दही नसतो. कलम नसेल किंवा संदिग्ध असेल, तर संदिग्धतेचा लाभ मसुदा न लिहिणाऱ्याला मिळावा हे विमा कायद्यातील मान्य तत्त्व आहे, आणि मागणी करण्यास हरकत नाही. लॅमिनेटचे उत्पादन बंद झाल्याचे विक्रेत्याचे पत्र घ्या आणि वरच्या कपाटांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवा, म्हणजे ती मागणी नाकारली गेली तरी बाकीच्या दाव्याला धक्का लागणार नाही. जुनी कपाटे सर्व्हेअरची लेखी परवानगी मिळेपर्यंत टाकून देऊ नका. ती कंपनीने ताब्यात घेतली, तर तुमच्या रकमेतून भंगार मूल्य वजा होता कामा नये.