मदत हवी आहे : जिप्सी उंच केल्यापासून स्टेअरिंग परत येत नाही

मंडळी, १३०० सीसीची जुनी मारुती जिप्सी किंग (फोर व्हील ड्राइव्ह) आहे, कोल्हापूर पासिंग. गगनबावडा, राधानगरी भागातल्या चिखलात पोट घासायचं म्हणून पुढे-मागे दीड इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले. पाटे (स्प्रिंगचे) मूळचेच, टायर मूळ मापाचे २०५/७० आर १५.

चिखलात गाडी आता झकास चालते. पण हायवेवर साठच्या पुढे भटकते, आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, हातानं ओढून आणावं लागतं. शॅकल घालण्याआधी हे अजिबात नव्हतं.

टायरची हवा, बॅलन्सिंग, टो-इन (पुढच्या चाकांची आतली दिशा) झालं. टाय रॉडचे दोन्ही शेंडे नवीन. किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) बेअरिंग स्प्रिंगकाट्यानं ओढून तपासलं, बरोबर आहे. स्टेअरिंग बॉक्समध्ये खेळ नाही.

पुढचा शॅकल लांबला की अॅक्सल फिरतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्यानं स्टेअरिंग आपणहून सरळ होतं) कमी होतो, तेच झालंय असं माझं मत. म्हणून कॅस्टर परत वाढवायला पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये पाचर बसवायचा विचार आहे. अॅल्युमिनियमची दगडात फुटेल याची भीती वाटते, उद्यमनगरात लोखंडी करून घेईन. शॅकल काढायचे नाहीत, आणि कापाकापी-वेल्डिंगही नको, पासिंगला अडचण येते.

पण कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जाणार, म्हणजे फोर व्हीलमध्ये प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) ताण. एवढ्या उंचीला कुणी पाचर वापरली आहे का? किती अंशाची, आणि शाफ्ट थरथरला का?