आंतरविद्याशाखीय कलांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: समन्वयकाने काय ठरवावे आणि काय शिक्षकांवर सोडावे?

सूरसागरकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. बडोद्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांना एकत्र घेणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम येत्या जुलैपासून सुरू होत असून त्याच्या समन्वयकाचे काम माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण भरतनाट्यमचे आहे. शिकवण्याचा अनुभव पुष्कळ आहे, परंतु ज्या कला मला स्वतःला येत नाहीत त्यांच्या शिक्षकांमध्ये प्रमुख म्हणून बसण्याची ही पहिलीच वेळ आहे.

आराखड्याच्या बैठकांमध्ये प्रत्येक शिक्षक आपल्या कलेचा पूर्वीचा संपूर्ण अभ्यासक्रम जसाच्या तसा घेऊन येतो. गायनाच्या शिक्षकांना रागांची यादी कमी करायची नाही, नाट्यविभागाला प्रत्येक सत्रात एक पूर्ण प्रयोग हवा आहे, आणि व्यवस्थापनाची अपेक्षा अशी की प्रत्येक विद्यार्थ्याने थोडे थोडे सगळेच शिकावे. याहून मोठी चिंता अंतिम प्रकल्पाची आहे. एखाद्या गायिकेने प्रकाशयोजना आणि हालचाल यांना घेऊन काम उभे केले, तर गायनाचे परीक्षक म्हणणार की गाणे कमी पडले, आणि नृत्याचे परीक्षक म्हणणार की हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, स्वच्छ नाहीत. अशा कामाला गुण कोणी आणि कशाच्या आधारे द्यावेत? ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दांडियाबाजारकर

ताई, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच गावातून छापून निघालेले आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडाची संपादित आवृत्ती १९५८ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. त्यात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याची विद्या विचारतो, तेव्हा ऋषी सांगतात की चित्र जाणल्याशिवाय मूर्ती कळत नाही, नृत्याशिवाय चित्र कळत नाही, वाद्याशिवाय नृत्य नाही आणि गीताशिवाय वाद्य नाही. हा संवाद आंतरविद्याशाखीय शिक्षणावरच्या व्याख्यानांत हमखास येतो, पण त्यातील एक गोष्ट बहुतेक वक्ते गाळतात, ती अशी की राजाला शेवटी मूर्तीच घडवायची आहे. बाकीच्या कला तो मूर्तीसाठी शिकतो आणि म्हणून त्यातील किती घ्यायचे याला काहीतरी माप राहते. आपल्या व्यवस्थापनाच्या ‘थोडे थोडे सगळे’ या कल्पनेत नेमके हे माप नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की प्रवेश एका मुख्य कलेतूनच द्यावा, प्रवेशाची प्रात्यक्षिक परीक्षाही त्याच कलेची घ्यावी, आणि निम्मे श्रेयांक (क्रेडिट) अखेरच्या सत्रापर्यंत त्या कलेकडे ठेवावेत. थोडा हिशेब करून पाहावा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास धरले जातात. वीस श्रेयांकांच्या सत्रात दहा श्रेयांक मुख्य कलेचे धरले आणि सत्र पंधरा आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला वीस तास होतात. पदव्युत्तर पातळीवरच्या रियाजाला याहून कमी वेळ देणे मला योग्य वाटत नाही, आणि हा आकडा एकदा कागदावर आला की रागांच्या यादीवरचा वाद आपोआप मर्यादेत येतो, कारण किती राग खरोखर बसतात हे गायनाच्या शिक्षकांना स्वतःलाच दिसते. राग कोणते, हे मात्र त्यांनीच ठरवावे. त्यात समन्वयकाने पडू नये.

समन्वयकाने ज्यात पडलेच पाहिजे ती बाब म्हणजे मूल्यमापन. प्रकल्प सुरू होण्यापूर्वी, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या शेवटी, विद्यार्थ्याने एक पानाचे निवेदन द्यावे: माझी मुख्य कला कोणती, दुसऱ्या कलेकडून मी काय घेत आहे, आणि माझे काम कोणत्या कसोट्यांवर पाहिले जावे. हे पान मार्गदर्शकांनी चर्चा करून मान्य करावे आणि तेच परीक्षकांच्या हाती जावे. तुमच्या उदाहरणातील गायिकेने ‘हालचाल ही श्वासाची जागा दाखवण्यासाठी आहे’ असे लिहून दिले असेल, तर नृत्याच्या परीक्षकांना हस्तांची स्वच्छता तपासण्याचे कारण उरत नाही. श्वासाची जागा दिसली की नाही, एवढेच त्यांनी पाहायचे. गाण्याला मात्र कोणतीही सवलत नको. परीक्षक तीन असावेत: मुख्य कलेतील एक, दुसऱ्या कलेतील एक आणि बाहेरचा एक. तालमींची नोंदवही प्रयोगापूर्वी किमान आठ दिवस त्यांच्याकडे पोचलेली असावी, अन्यथा ती कोणीही उघडून पाहत नाही.

नियमांची_चौकट

वरील लेखात प्रशासकीय बाजू राहिली आहे. पदवीचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिसूचित केलेल्या पदव्यांपैकीच असावे आणि गुणपत्रिकेवर मुख्य विषय ठळक नोंदलेला असावा, हे पहिल्याच अभ्यास मंडळाच्या बैठकीत पक्के करून घ्यावे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत संगीताचा विषय क्रमांक १६, नृत्य-नाट्याचा ६५ आणि दृश्यकलेचा ७९ असून ‘आंतरविद्याशाखीय कला’ असा स्वतंत्र विषय तेथे नाही. मुख्य विषयाविना पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना अडचणीत येऊ शकतो.

शिक्षकांच्या नेमणुकीत मात्र आपण समजतो त्यापेक्षा अधिक मोकळीक आहे. २०१८ च्या नियमावलीत कलाशाखांसाठी पारंपरिक अथवा व्यावसायिक कलावंतांचा वेगळा मार्ग दिलेला आहे, आणि २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या तरतुदीखाली किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांना, औपचारिक पात्रतेची अट न घालता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येते.

ठेका

मी तबलावादक आहे आणि नृत्याच्या वर्गांना अनेक वर्षे संगत करीत आलो आहे. दांडियाबाजारकर काकांचा मूल्यमापनाचा विचार मला पटतो, परंतु मुख्य कलेची तटबंदी पहिल्या दिवसापासून उभी केली तर विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. पहिल्या सत्रात निदान लयीचा एक वर्ग सर्वांना एकत्र असावा. तबल्याचे बोल, भरतनाट्यमचे सोल्लुकट्टू (तालाचे बोल), नटाच्या संवादातील विराम, हे सारे हाताने टाळी देत मोठ्याने म्हणता येते, त्यासाठी कोणाला आपली कला बाजूला ठेवावी लागत नाही, आणि चित्रकार विद्यार्थ्यांनाही तेथे अवघडल्यासारखे होत नाही. (बडोद्याच्या फाइन आर्ट्स विद्याशाखेचा नवरात्रीतील गरबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चित्रकारांच्या लयीविषयी शंका राहणार नाही.)

दुसरी गोष्ट संगतकारांची, आणि तिच्याविषयी आराखड्यात एक ओळही नसते हे मी खात्रीने सांगतो. १८८० साली सयाजीराव महाराजांच्या विवाहानंतर तंजावरहून नर्तकी बडोद्यास आल्या, त्या एकट्या आल्या नाहीत. त्यांच्यासोबत नट्टुवनार (नृत्यगुरू) आणि वादकही होते, आणि त्या सर्वांची व्यवस्था संस्थानाच्या कलावंत कारखान्याने, म्हणजे कलावंतांच्या खात्याने, पाहिली. आज मात्र संगतकाराला तासावर बोलावतात. त्याला तालमीच्या तासांचे मानधन मिळत नाही, केवळ सादरीकरणाचे मिळते. मग तो तालमीला येत नाही, मुले ध्वनिमुद्रणावर नाचतात आणि परीक्षेच्या दिवशी माणसासमोर गडबडतात. चार कला एकत्र येणाऱ्या प्रकल्पात हे नुकसान चौपट होते, कारण तेथे ठरलेली रचनाच नसते, सगळे तालमीतच सापडायचे असते. प्रमुख म्हणून आपल्याला व्यवस्थापनाशी एकच भांडण परवडत असेल, तर ते संगतकारांच्या दोन पूर्णवेळ पदांसाठी करावे.

सूरसागरकाठ

सर्वांची आभारी आहे. निवेदनाचे पान आणि लयीचा एकत्र वर्ग या दोन्ही गोष्टी आराखड्यात घालते. संगतकारांच्या पदांबद्दल व्यवस्थापन विचारणार की हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, कारण ते शिक्षकही नाहीत आणि कार्यालयीन कर्मचारीही नाहीत.

नियमांची_चौकट

विज्ञान शाखेत प्रयोगशाळा साहाय्यकाचे पद जसे अध्यापन साहाय्य म्हणून मंजूर करून घेतात, तसेच हे पद मागावे, आणि मागणीपत्रात प्रात्यक्षिक श्रेयांकांचे तास जोडावेत. लयीचा वर्ग त्यांच्याकडे अधिकृतपणे सोपवलेला असेल तर मागणी अधिक बळकट होते.