डार्क साइड ऑफ द मूनची एसएसीडी: फरक नेमका कुठे ऐकायचा?

कानसेन_ठाणे:
मंडळी, पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची २००३ची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवणारी डिस्क) मिळाली आहे, तिसाव्या वर्षानिमित्त काढलेली ५.१ वाली, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीची. अल्बम कॉलेजपासून तोंडपाठ आहे त्यामुळे उत्सुकता फार होती. ब्ल्यू-रे प्लेअर एसएसीडी वाचतो, ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला जोडलाय, पाच स्पीकर आणि सबवूफर आहे. पण आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून येतोय आणि जुन्या सीडीपेक्षा वेगळं काही जाणवत नाही. डिस्क खराब असेल का? आणि नीट लागलीच तर कान कुठे द्यायचा?

वायरमन:
डिस्क ठणठणीत असणार. ही हायब्रिड आहे, म्हणजे एका थरात साधी सीडी (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) आणि दुसऱ्यात डीएसडी (एसएसीडीचं स्वतःचं डिजिटल रूप), जे १ बिटचं असतं पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त सॅम्पल घेतं. ऑप्टिकलमधून डीएसडी जातच नाही, तेव्हा तुमचा प्लेअर बहुतेक सीडीचाच थर वाजवतोय. एचडीएमआय लावा, प्लेअरच्या सेटिंगमध्ये एसएसीडी आणि मल्टिचॅनल निवडा, आणि रिसीव्हर डीएसडी घेत नसेल तर प्लेअरमध्येच पीसीएम (सीडीवर असतं तसलं डिजिटल रूप) करून पाठवा. डिस्प्लेवर काय येतंय ते बघा म्हणजे लगेच कळेल.

मागचा_स्पीकर:
वरचं सगळं करा आणि मग आधी 'टाइम' लावा!! त्याच्या सुरुवातीची ती घड्याळं अल्बमचा साउंड इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती, तीही क्वाड्रोफोनिकचं प्रात्यक्षिक म्हणून, म्हणजे चारी बाजूंनी ऐकण्यासाठीच ती जन्माला आली आणि आपण इतकी वर्षं दोन स्पीकरवर ऐकत बसलो. ५.१ मिक्स पिंक फ्लॉइडचा साउंड इंजिनिअर जेम्स गथ्रीने मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (ज्यावर वाद्यं आणि आवाज वेगवेगळे असतात) केलंय. 'ऑन द रन'चा सिंथ (सिंथेसायझर) खोलीभर फिरतो, तेव्हा मागच्या स्पीकरची लेव्हल आणि अंतर रिसीव्हरमध्ये नीट भरलेलं हवं, नाहीतर फिरता फिरता मध्येच कुठेतरी गायब होतो आणि मजाच जाते. लाइट बंद करा, मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा, सलग ४३ मिनिटं ऐका. तुकड्या-तुकड्यात ऐकायचा हा अल्बमच नाही.

दोनच_स्पीकर_पुरे:
सराउंड छानच आहे पण मी या डिस्कचा स्टीरिओ एसएसीडी थरच लावतो. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये गायिका क्लेअर टोरी टिपेला जाते तिथे आवाज कुठेही चिरकत नाही आणि ती हळू होते तेव्हा खाली रिक राइटचा पियानो किती हलक्या हाताने वाजतोय ते कळतं. मात्र सीडी थर आणि एसएसीडी थर अदलून बदलून ऐकून फॉरमॅटचा निकाल लावू नका, कारण या डिस्कवर सीडीच्या थराचं मास्टरिंगच (डिस्क निघण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळं आहे, जास्त दाबलेलं, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी केलेलं, म्हणून तो जोरात वाटतो आणि पहिल्यांदा कानाला तोच बरा वाटतो. व्हॉल्यूम दोन्हींचा सारखा करून ऐका. माझ्या मते फरक पडतो तो मास्टरिंगने, बिट आणि किलोहर्ट्झ नंतर. १९७२-७३ला लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओमध्ये रेकॉर्डिंगच इतकं देखणं झालंय की जपून हाताळलं तर साध्या सीडीवरही ते उतरतं.

मागचा_स्पीकर:
मास्टरिंगचं एकदम पटलं. पण 'मनी'च्या सुरुवातीची ती गल्ल्याची खणखण एकदा पाच स्पीकरवर ऐका, मग बोलू :)

कानसेन_ठाणे:
धन्यवाद सगळ्यांना. उद्या एचडीएमआय केबल आणतो, आधी 'टाइम', मग स्टीरिओ थरावर 'ग्रेट गिग'. मागचे स्पीकर सोफ्याला अगदी चिकटून आहेत, ते किती मागे सरकवू?